ऑनलाइन लिलावात योग्य कॅटेगरी कशी निवडावी: ईबेवर जुन्या वस्तू विकणाऱ्यांसाठी

मामांच्या घरातल्या सामानाची वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला दोन आडकित्ते आले. दोन्ही पितळी, पात्याला पोलादी धार, दांड्यांच्या टोकाला मोराची मान. दांडीच्या आतल्या बाजूला बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं आणि त्याखाली तारीख, 12-5-1962. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती, त्या काळातले. एक देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि दुसरा ईबेवर लिलावाला लावला. मथळा दिला ‘ब्रास नट क्रॅकर’, कॅटेगरी निवडली स्वयंपाकघरातल्या अवजारांची. सुपारी फोडायचं अवजार, म्हणजे जागा बरोबरच, असं मला वाटलं.

सात दिवसांत एकच बोली आली. 9.99 डॉलरला सुरू केलेला लिलाव 9.99 वरच संपला. वस्तू घेणाऱ्या बाईंनी नंतर निरोप पाठवला. त्या सुपारीची अवजारं गोळा करतात आणि दुसरंच काहीतरी शोधताना त्यांना माझा आडकित्ता दिसला होता. त्यांनी कितीतरी जास्त रकमेची बोली लावून ठेवली होती, पण समोर कुणी आलंच नाही. ‘तुम्ही हा चुकीच्या ठिकाणी ठेवला होता,’ असं त्यांनी अगदी आपुलकीनं लिहिलं होतं.

त्या निरोपानं मी कॅटेगरीकडे लक्ष द्यायला शिकले. तेव्हापासून प्रत्येक वस्तूच्या वेळी ज्या क्रमानं जाते, तो इथे मांडते आहे. उदाहरणं ईबेची आहेत, कारण परदेशातल्या संग्राहकांपर्यंत पोचायला मी तेच वापरते. तर्क मात्र डेलकँपसारख्या तिकिटांच्या आणि पोस्टकार्डांच्या साइटलाही लागू पडतो.

लिलावात कॅटेगरीला इतकं महत्त्व का

ठरलेल्या किमतीला वस्तू लावली आणि कॅटेगरी चुकली, तर फार तर ती पडून राहते. महिन्याभरानं योग्य गिऱ्हाईक आलं तरी तुम्हाला हवी ती किंमत मिळते. लिलावात तसं नाही. घड्याळ संपलं की त्या क्षणी जी बोली असेल तिला तुम्ही बांधील.

शिवाय लिलावातली किंमत जिंकणारा ठरवत नाही, दुसऱ्या क्रमांकाचा ठरवतो. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम सांगून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. समजा एकानं 85 डॉलरपर्यंत तयारी दाखवली आणि दुसऱ्यानं 60 पर्यंत. वस्तू 61 ला जाते, कारण 25 ते 99.99 डॉलरच्या टप्प्यात बोली एकेक डॉलरनं वाढते. दुसरा माणूस आलाच नाही, तर 85 ची तयारी असलेल्यालाही ती सुरुवातीच्या किमतीत मिळते. माझ्या आडकित्त्याचं नेमकं हेच झालं.

म्हणून एक गिऱ्हाईक मिळवून लिलावात भागत नाही, त्याच सात दिवसांत किमान दोन जाणकार त्या वस्तूसमोर उभे राहावे लागतात. कॅटेगरी निवडताना मी ‘ही वस्तू काय आहे’ यापेक्षा ‘हिच्यासाठी एकमेकांशी चुरस करणारी माणसं कुठे उभी असतात’ हा प्रश्न धरून बसते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत.

पहिली पायरी: वस्तूची नावं लिहून काढा

कॉम्प्युटर उघडण्याआधी वही घ्या. वस्तू टेबलावर उजेडात ठेवा आणि तिच्यावर जे काही छापलं, कोरलं, ठोकलं असेल ते जसंच्या तसं उतरवा. मग ती कशाची आहे, कुणी बनवली, साधारण कधीची, कशासाठी वापरायची, आत्ता चालते का आणि काय तुटलं आहे, ते लिहा.

त्यानंतर तिला वेगवेगळ्या ठिकाणची माणसं काय म्हणतात ते शोधा. या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देते. आपण आडकित्ता म्हणतो, हिंदीत सरौता, मलेशिया-इंडोनेशियाकडे काचिप, श्रीलंकेत गिरय, आणि इंग्रजी संग्राहक ‘बीटल नट कटर’ म्हणतात. ‘नट क्रॅकर’ म्हटलं की युरोप-अमेरिकेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर अक्रोड फोडायचा चिमटा येतो. मी नावच चुकीचं घेतलं होतं, त्यामुळे कॅटेगरीही त्याच्यामागोमाग चुकली. वस्तूचं खरं नाव सापडलं की ती कुठे ठेवायची याचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

दुसरी पायरी: गिऱ्हाईक कोण, ते ठरवा

जुन्या वस्तूला साधारण चार तऱ्हेची माणसं येतात. वापरणारा, गोळा करणारा, घर सजवणारा आणि सुट्या भागांसाठी घेणारा. चौघे वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि त्यांची पैसे मोजायची तयारीही वेगळी असते.

आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा घ्या. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला, 120 या आकाराची फिल्म घालून बारा चौकोनी फोटो काढणारा. आपल्याकडे कितीतरी घरांतल्या माळ्यावर तो चामड्याच्या पिशवीसकट पडलेला असतो. शटर व्यवस्थित पडत असेल, भिंग स्वच्छ असेल, तर त्याचं गिऱ्हाईक आजही फिल्मवर फोटो काढणारी तरुण मुलं. ती ‘फिल्म फोटोग्राफी’तल्या ‘फिल्म कॅमेरे’ या कप्प्यात शोधतात आणि त्यांना ‘टेस्टेड’ हा शब्द हवा असतो. शटर अडकलं असेल पण बाहेरून कॅमेरा झकास असेल, तर तो जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्राहकाचा. जगभरच्या आग्फांमध्ये भारतात बनलेला आग्फा त्याला वेगळा वाटतो, म्हणून ‘मेड इन इंडिया’ लिहिलेल्या पट्टीचा जवळून फोटो हवाच. आणि भिंगच फुटलं असेल, तर ‘फॉर पार्ट्स’ अशी स्थिती स्पष्ट निवडावी. तीच वस्तू, तोच मेक, पण स्थिती बदलली की गिऱ्हाईक बदलतं आणि गिऱ्हाईक बदललं की कप्पा बदलतो.

एचएमटीच्या घड्याळांबाबत मात्र मला कळकळीनं सांगायचं आहे. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला सुरू झालेल्या या कारखान्याची जनता, पायलट ही मॉडेलं परदेशातले शौकीन आवडीनं घेतात. पण डायल नव्यानं रंगवून, तीन घड्याळांचे भाग एकत्र करून बनवलेली घड्याळं ‘मूळ’ म्हणून इतकी विकली गेली आहेत, की घड्याळवाल्यांच्या जगात त्यांना ‘मुंबई स्पेशल’ हेच नाव पडलं आहे. आपल्या शहराचं नाव अशा अर्थानं वापरलं जावं याचं वाईट वाटतं. तुमच्या घड्याळाची डायल पुन्हा रंगवलेली असेल, तर ते मनगटी घड्याळांतच लावा, पण ‘कस्टमाइज्ड’ या रकान्यात ‘हो’ लिहा आणि मजकुरातही सांगा. काटे, चावी, मशीन वेगवेगळ्या घड्याळांचं असल्याची शंका असेल, तर सरळ सुट्या भागांच्या कप्प्यात लावा. दुरुस्ती करणारे कारागीर तिथे असतातच आणि ते नीट पैसे देतात.

तिसरी पायरी: विकल्या गेलेल्या वस्तू पाहा

अंदाज संपला, आता पुरावा. ईबेच्या शोधात वस्तूचं नाव टाका आणि फिल्टरमध्ये ‘सोल्ड आयटम्स’ निवडा. साधारण गेल्या 90 दिवसांत विकल्या गेलेल्या वस्तू दिसतात. त्याहून मागचं पाहायचं असेल, तर ‘सेलर हब’ या विक्रेत्यांसाठीच्या पानावर टेरापीक नावाचं साधन आहे.

आत्ता विक्रीला असलेल्या वस्तूंवरून काहीही ठरवू नका. तिथे माझ्यासारख्या चुकलेल्यांची गर्दी असते.

मी वहीत चार उभ्या ओळी आखते: कॅटेगरी, किती बोल्या, शेवटची किंमत, फोटो-मजकूर चांगला होता की नाही. दहा-बारा नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट होतं. नजर किमतीपेक्षा बोल्यांच्या आकड्यावर ठेवा. एका कप्प्यात एकच वस्तू 80 डॉलरला गेली, पण ती एका बोलीत गेली, म्हणजे विकणाऱ्यानं सुरुवातच 80 नं केली होती. दुसऱ्या कप्प्यात तशीच वस्तू 55 ला गेली, पण 14 बोल्या होऊन. लिलावासाठी मी डोळे मिटून दुसरा कप्पा घेईन, कारण तिथे चुरस आहे.

आडकित्त्यांच्या बाबतीत मी हे करून पाहिलं तेव्हा स्वयंपाकघराच्या कप्प्यात एकेक-दोनदोन बोल्यांचे आकडे होते. आशियाई पुराणवस्तू आणि आशियाई संस्कृतीच्या संग्राह्य वस्तू या दोन कप्प्यांत तशाच आडकित्त्यांवर सात, नऊ, अकरा बोल्या. ही वही मी आधी केली असती तर फार तर अर्धा तास गेला असता.

चौथी पायरी: फांदीवरून पानापर्यंत जा

ईबेची कॅटेगरी म्हणजे झाड आहे. खोडावर वस्तू ठेवताच येत नाही, शेवटच्या पानावर ठेवावी लागते. लिस्टिंग करताना तुमच्या मथळ्यावरून साइट स्वतःच एक पान सुचवते आणि बहुतेक जण ते मान्य करून पुढे जातात. ती सूचना मथळ्यातल्या शब्दांवरून येते. घड्याळाच्या मथळ्यात ‘पायलट’ हा ठळक शब्द असेल, तर ती पेनाकडे किंवा विमानाकडेही जाऊ शकते. तिसऱ्या पायरीतली वही समोर ठेवून सूचना तपासा आणि पटली नाही तर हातानं बदला.

जाता येईल तितकं खोल जा. पण खोल जाताना कोणती फांदी धरायची, हा खरा कस असतो, आणि त्यासाठी गोव्याच्या तिकिटांइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पोर्तुगीज इंडियाची तिकिटं 1871 पासून निघत होती आणि 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर थांबली. 1959 मध्ये तिथलं चलन बदललं. रुपिया-टांगा जाऊन एस्कुदो-सेंटाव्हो आले. नवी तिकिटं येईपर्यंत जुन्याच तिकिटांवर नवी किंमत छापून ती वापरली गेली. मला पणजीच्या एका घरातून अशा छापील तिकिटांचा छोटा अल्बम मिळाला होता. भारतात राहणाऱ्या कुणाच्याही मनात पहिल्यांदा येतं, गोवा भारतात, तेव्हा आशियात जा, मग इंडियात. पण या तिकिटांसाठी जीव टाकणारा संग्राहक मुख्यतः पोर्तुगाल आणि त्याच्या वसाहती गोळा करतो. अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर आणि गोवा त्याच्या एकाच अल्बमात असतात. तो युरोपात शिरतो, मग पोर्तुगाल आणि वसाहती. इंडियाच्या कप्प्यात तो फिरकेलच असं नाही. तिथे येणारा ब्रिटिश इंडियाची तिकिटं शोधतो आणि पोर्तुगीज अक्षरं पाहून पुढे सरकतो. मी तो अल्बम पोर्तुगालच्या फांदीवर लावला आणि पहिल्याच दिवशी पाच जणांनी तो नजरेखाली, म्हणजे आपल्या ‘वॉचलिस्ट’मध्ये, ठेवला.

आजचा नकाशा आणि संग्राहकाचा नकाशा एक नसतो. संस्थानांच्या तिकिटांतही तेच. भोर संस्थाननं 1879 मध्ये स्वतःची तिकिटं काढली, म्हणून ती ‘फ्यूडेटरी’ संस्थानांत जातात. ग्वाल्हेरची सुरुवातीची तिकिटं म्हणजे ब्रिटिश इंडियाच्या तिकिटांवर छापलेलं नाव, म्हणून ती ‘कन्व्हेन्शन’ संस्थानांत. दोन्हींचे शौकीन वेगळे असतात. हा फरक मजकुरात अचूक आला, तर जाणकार लगेच ओळखतो की विकणाऱ्याला कळतं आहे.

‘अदर’ म्हणजे ‘इतर’ या पानापासून सांभाळून राहा. मन लावून शोधायचा कंटाळा आला की बोट तिकडे वळतं. विशिष्ट वस्तू शोधणारा माणूस ‘इतर’मध्ये चाळत बसत नाही. अपवाद एवढाच, की तुमच्या वहीत बोल्यांचे मोठे आकडे ‘इतर’मधूनच येत असतील तर तिथे जा. फार दुर्मिळ प्रकारांना स्वतंत्र पानच नसतं आणि त्यांचे शौकीन ‘इतर’लाच आपलं घर मानतात.

पाचवी पायरी: त्या कप्प्याचे नियम आणि खर्च वाचा

प्रत्येक कप्प्याचं कमिशन एकसारखं नसतं. अमेरिकेतल्या ईबेवर पुस्तकं आणि संगीताच्या सीडींना बहुतेक वस्तूंपेक्षा थोडं जास्त कमिशन पडतं, गिटारला साधारण निम्मं. कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर नसतं, टपालखर्च धरून एकूण रकमेवर असतं, हे जड पितळी वस्तू पाठवणाऱ्यांनी विसरू नये. दर अधूनमधून बदलतात आणि विक्रेता कुठल्या देशातला आहे यावरही फरक पडतो, म्हणून लिस्टिंगच्या दिवशी दरपत्रक पाहायचं. मात्र कमिशन वाचवायला वस्तू चुकीच्या कप्प्यात सरकवू नका. साइटचा नियमच आहे की वस्तू तिच्या कॅटेगरीतच हवी. लिस्टिंग काढून टाकलं जातं आणि तुमचे बोलीदार त्यासोबत जातात.

नाण्यांच्या कप्प्याला वेगळी शिस्त आहे. नक्कल केलेली नाणी तिथे चालत नाहीत, ‘नक्कल आहे’ असं लिहून विकली तरीही. आपल्याकडच्या जत्रांत मिळणारी नकली शिवराई किंवा रामटंका (रामदरबाराचं चित्र असलेलं नाणं) तिथे लावू नका. आणि जाता जाता, ‘पाच रुपयांच्या या नाण्याला लाखो रुपये’ अशा जाहिरातींना भुलू नका. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनंच ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. विकायला आधी शुल्क मागणारा माणूस गिऱ्हाईक नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘अँटिक्स’ या कप्प्यावर बोट ठेवण्याआधी भारतातून विकणाऱ्यानं कायदा पाहिलाच पाहिजे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972 नुसार किमान शंभर वर्षं जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं तर पंचाहत्तर वर्षांनीच. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यात नाणीही आली. म्हणजे कंपनी सरकारचा 1835 चा रुपया पुण्यातून कॅलिफोर्नियाला पाठवणं गुन्हा आहे, मग कॅटेगरी कितीही अचूक असो. भोरची तिकिटं लंडनमध्ये राहणारा मराठी माणूस तिथल्या घरातून विकू शकेल, मी इथून नाही. पुरावस्तूंचा देशातल्या देशात व्यापार करायलाही परवाना लागतो.

वस्तू जुनी दिसते पण शंभर वर्षांची नाही, असं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र मिळतं. कस्टम्सनं अडवलं तर तेच दाखवावं लागतं. माझ्या आडकित्त्यावर 1962 कोरलेलं होतं, म्हणून वयाचा वाद नव्हता. तुमच्याकडच्या पितळी समईवर तारीख नसेल, तर आधी प्रमाणपत्र, मग लिस्टिंग. उगाच वजन यावं म्हणून साठ वर्षांच्या वस्तूला ‘शंभर वर्षांपूर्वीची’ म्हणणं तर दुहेरी चूक आहे. खोटं बोललात आणि स्वतःच्या हातानं वस्तू निर्यातबंदीत टाकलीत.

हस्तिदंताची फणी, डबी, बांगडी यांना कुठलाच कप्पा नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा व्यापार बंद आहे आणि ईबेनंही 2009 पासून हस्तिदंत बंद केलं आहे. ‘हाडाची’ म्हणून लावणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

सहावी पायरी: रकाने भरा

कॅटेगरी निवडली की तिचे स्वतःचे रकाने उघडतात. कॅमेऱ्याला फिल्मचा प्रकार आणि मेक, नाण्याला साल, धातू आणि टांकसाळ, रेकॉर्डला वेग आणि आकार. हे कंटाळवाणं वाटतं, पण गिऱ्हाईक डावीकडच्या फिल्टरवर टिचकी मारतं तेव्हा ज्या वस्तूचा तो रकाना कोरा आहे ती यादीतून नाहीशी होते. तुम्ही योग्य दुकानात आलात, पण पाटी न लावता बसलात, अशी गत.

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तव्यांचं पाहा. त्या रेकॉर्ड लाखेच्या असतात, व्हायनिलच्या नाहीत, तरी साइटवर जागा व्हायनिल रेकॉर्डमध्येच आहे. नाट्यसंगीताचा तवा लावताना वेगात ‘78’, आकारात ‘10 इंच’ आणि साहित्यात ‘शेलॅक’ म्हणजे लाख भरलं, तरच त्या शौकिनाला तो सापडतो. नाहीतर हजारो एलपींच्या ढिगात जातो.

मथळ्याला 80 अक्षरांची मर्यादा आहे. कॅटेगरीनं जे आधीच सांगितलं ते मथळ्यात पुन्हा सांगू नका. कॅमेऱ्यांच्या कप्प्यात ‘ओल्ड कॅमेरा’ लिहून जागा घालवण्यापेक्षा मेक, मॉडेल, फिल्म आणि देश घाला. पहिल्या पायरीत गोळा केलेली पर्यायी नावं इथे कामी येतात. आता आडकित्ता लावला, तर मथळ्यात मी ‘बीटल नट कटर’, ‘सरौता’ आणि ‘इंडिया’ हे सगळं बसवेन.

दोन कप्पे घ्यावेत का?

ईबेवर जादा शुल्क भरून एकच वस्तू दोन कॅटेगरींत लावता येते. वहीत दोन्ही कप्प्यांत बोल्यांची चुरस दिसली, दोन्हींतली माणसं खरोखर वेगळी असली आणि वस्तू निदान पन्नास-साठ डॉलरला जाण्याजोगी असली, तरच मी हे करते. गोव्याच्या तिकिटांना ते शोभतं: एक पाय पोर्तुगालात, एक भारतात. आग्फा क्लिकला शोभत नाही. मनाचा निर्णय होत नाही म्हणून दोन कप्पे घेत असाल, तर पुन्हा तिसऱ्या पायरीकडे जा.

एक वस्तू दोन वेगवेगळ्या लिलावांत एकाच वेळी लावायची मात्र कधीच नाही. दोन जिंकणारे आणि वस्तू एक, अशी वेळ आली की एकाचा विश्वास कायमचा जातो.

लिलाव सुरू झाल्यावर

पहिल्या दोन दिवसांत काय होतं ते पाहा. बहुतेक बोल्या शेवटच्या तासात येतात, म्हणून बोली नाही याचं दडपण घेऊ नका. किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी नजरेखाली ठेवलं, हे बघा. पुष्कळांनी पाहिलं पण कुणी ठेवलं नाही, तर कप्पा ठीक आहे आणि फोटो, मजकूर किंवा सुरुवातीची किंमत चुकली. कुणी पाहिलंच नाही, तर कप्पा किंवा मथळा चुकला.

एकही बोली आलेली नसेल आणि संपायला 12 तासांपेक्षा जास्त वेळ असेल, तर बहुतेक सगळं बदलता येतं, कॅटेगरीसुद्धा. एक बोली आली की हात बांधले जातात. म्हणून मी तिसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर सगळी लिस्टिंगं एकदा उघडते. सात दिवसांचा लिलाव असेल तर तोपर्यंत पुरेसं कळतं आणि दुरुस्तीला चार दिवस उरतात.

संपायची वेळही कप्प्यातल्या माणसांप्रमाणे ठरवा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ साडेसहाची असते. कॅमेरे मी त्या वेळी संपवते. पोर्तुगालच्या तिकिटांना ती वेळ मध्यरात्रीनंतरची पडते, म्हणून ती आपल्या रात्री एक-दीडच्या सुमारास संपवते.

देशातल्या देशात विकायचं असेल तर

मुंबईत सुरू झालेलं बाझी डॉट कॉम 2004 मध्ये ईबेनं घेतलं, त्याचं ईबे इंडिया झालं आणि 14 ऑगस्ट 2018 ला ते बंद पडलं. त्यानंतर सर्वसामान्यांसाठी तसं लिलावाचं देशी ठिकाण माझ्या पाहण्यात आलं नाही. आता नाणी-तिकिटांचे लिलाव बरेचसे व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या गटांत होतात. तिथे कॅटेगरी म्हणजे कोणता गट, एवढंच. शिवराईच्या गटात संस्थानी मुद्रांक टाकला तर कौतुक होतं, बोली येत नाही. आठवडाभर गटात नुसतं बसून राहा, कोण काय घेतं आणि रक्कम नीट चुकती करतं ते पाहा, मग लावा. बाहेर न पाठवण्याजोगी शंभर वर्षांपलीकडची वस्तू असेल, तर परवाना असलेल्या लिलावगृहाकडे जाणंच योग्य. वस्तू कुठल्या विभागात घ्यायची ते तिथले जाणकार ठरवतात आणि कागदपत्रंही नीट होतात.

दुसरा आडकित्ता अजून कोनाड्यातच आहे. पहिला घेणाऱ्या बाई दर दिवाळीला विचारतात, तो कधी लावणार. लावला तर त्यांना आधी सांगेन असं मी कळवलं आहे, आणि या वेळी तो कुठल्या कप्प्यात असेल तेही.